रेणुकादास सरांचं प्रात्यक्षिक

माहिती प्रणाली म्हणजे कंप्युटर नव्हे, हे वाक्य रेणुकादास सरांनी बीबीएच्या पहिल्या वर्षाला तीन आठवड्यांत निदान चाळीस वेळा सांगितलं होतं, आणि चाळीसही वेळा वर्गाने वहीत ‘माहिती प्रणाली म्हणजे कंप्युटर’ असंच लिहून घेतलं होतं. सर सांगायचे, संस्थेत माणसं असतात, कामाच्या रीती असतात, नोंदी असतात, आणि हे सगळं जुळून योग्य माहिती योग्य माणसाकडे वेळेवर जाते, ती प्रणाली. वर्ग मान डोलवायचा. मग मागच्या बाकावरून कुणीतरी विचारायचं, सर, पण मग कंप्युटर कधी शिकवणार? सर अगदी बेजार झाले होते.

त्यात हा गुरुवार साधासुधा नव्हता. लातूरच्या त्या कॉलेजात सर नऊ वर्षं तासिका तत्त्वावर शिकवत होते. तासिका तत्त्व म्हणजे काय, तर तास घेतला तर तुम्ही आहात, नाही घेतला तर तुम्ही कोण? नऊ वर्षांनी एक कायम जागा निघाली होती. प्रस्तावात पहिलं नाव सरांचं, दुसरं त्यांच्याहून चार वर्षांनी नव्या सोमेश सरांचं, आणि मान्यता मिळणार ती पहिल्या नावाला. त्याच दिवशी दुपारी चारला शिपाई व्यंकट ती फाईल नांदेडच्या गाडीवाल्याकडे देणार होता, विद्यापीठात पोचवायला. म्हणजे चार वाजेपर्यंत काही घडू नये, एवढंच सरांचं देवाकडे मागणं होतं. देवाने ऐकलं असेलही, पण सरांनी स्वतःच घडवलं त्याला देव तरी काय करणार?

पहिल्याच तासाला शिवमने हात वर केला. शिवमच्या घरची डाळमिल होती, त्यामुळे आपल्याला धंद्यातलं कळतं अशी त्याची समजूत होती.

“सर, आमच्या मिलमधलं समदं मुनीमकाकाच्या डोक्यात ऱ्हातंय. काय बी इचारा, सांगतेत. मग मुनीमकाका प्रणाली हाय का?”

सर म्हणाले, नाही बाळा, हेच तर चुकीचं आहे, उद्या मुनीमकाका आजारी पडले तर मिल बसेल. शिवम म्हणाला, पडत न्हाईत सर ते. वर्ग हसला. सरांच्या डोक्यात तिडीक गेली आणि त्यांनी ठरवलं की आता पुस्तक बास, आता ह्यांना कॉलेजचीच प्रणाली दाखवायची.

कॉलेजने दिवाळीत नवं सॉफ्टवेअर घेतलं होतं. ते हेडक्लार्क हणमंतरावांच्या ताब्यात होतं, म्हणजे त्याचा पासवर्ड त्यांनी ऑफिसातल्या कॅलेंडरवर एकादशीच्या चौकोनात लिहून ठेवला होता. मशीन धड चालवता येणारे कॉलेजात एकटे रेणुकादास सर, त्यामुळे ते अडलं की तेच फुकटात चालू करून द्यायचे आणि पासवर्ड त्यांना पाठ होता. त्यांनी प्रोजेक्टरने वर्गातल्या भिंतीवर कर्मचाऱ्यांचं पान उघडलं. वर लाल अक्षरात ‘सराव’ असं ठळक लिहिलेलं होतं. कंपनीने दोन प्रती दिल्या होत्या, एक शिकायला, एक खरी. ही शिकायची. सर निर्धास्त झाले.

तेवढ्यात तनुजा नावाची एरवी गप्प बसणारी मुलगी उठली आणि तिने विचारलं की सर, माणसानं चुकीची माहिती भरली तर प्रणालीला ती चूक कळते का?

सरांना गहिवरून आलं. नऊ वर्षांत पहिल्यांदा कुणी अभ्यासक्रमातला प्रश्न विचारला होता. ते म्हणाले, करूनच बघू, आणि दुसऱ्या कुणाचं नाव कशाला, माझंच घेऊ. त्यांनी स्वतःच्या नावापुढे ‘कार्यमुक्त’ निवडलं. मशीनने विचारलं, आपली खात्री आहे का?

“बघा,” सर वर्गाकडे वळून म्हणाले, “मशीन विचारतंय. शहाणा माणूस इथं थांबतो.”

आणि न थांबता त्यांनी ‘हो’ दाबलं.

सरांच्याच खिशातला फोन वाजला. ‘श्री. रेणुकादास सर आजपासून महाविद्यालयातून कार्यमुक्त झाले आहेत. पुढील वाटचालीस शुभेच्छा.’ हाच निरोप त्याच क्षणी प्राचार्यांपासून शिपायापर्यंत सगळ्यांच्या फोनवर गेला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. प्रात्यक्षिक त्यांना फार आवडलं.

सर धावत ऑफिसात गेले. हणमंतराव पानाला चुना लावत होते. सरांनी विचारलं, ती प्रत सरावाची होती ना?

“व्हती की. पण म्या खरी माहिती तिच्यातच भरली,” हणमंतराव म्हणाले. “आधी सरावाला भरा, मग परत खरं भरा, दोनदा कोण भरत बसतंय ओ? कंपनीवाल्याला म्हणलं, हीच खरी समजा. त्यानं समजली. ते वरचं लाल अक्षर तेवढं काढायचं ऱ्हायलं.”

मग परत घ्या, माझं नाव परत घ्या, असं सर काकुळतीने म्हणाले. हणमंतरावांनी चष्मा लावून मशीनकडे पाहिलं आणि खुलासा केला की परत घ्यायला कर्मचाऱ्याची विनंती लागते, आणि ती कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या खात्यातून यावी लागते. सरांनी खातं उघडलं. खातं बंद झालेलं होतं. पुण्याला कंपनीत फोन लावला, तर तिथला माणूस अतिशय गोड आवाजात तेच म्हणाला. सर म्हणाले, अहो, खातं बंद आहे. तो म्हणाला, मग खातं बंद असल्याची तक्रार आपल्या खात्यातून नोंदवा.

सर व्हरांड्यात उभे राहून त्या माणसाशी डोकं फोडत होते, तेव्हा व्यंकट सूचनावही घेऊन आला. आता ही सूचनावही म्हणजे कॉलेजचा खरा देव. प्राचार्य तिच्यात सूचना लिहिणार, व्यंकट ती वर्गावर्गात फिरवणार आणि प्रत्येकजण खाली सही करणार. वाचायची पद्धत नाही. वाचायला थांबलं तर व्यंकट खोळंबतो, तास मोडतो, आणि सूचनेत असून असून काय असणार? सरांनी फोन खांद्यात धरला, सही केली आणि वही परत दिली.

मग ते स्टाफरूममध्ये आले आणि आगीतून फुफाट्यात पडले. सगळे हात मिळवायला पुढे. कुठं लागलं सर? नांदेडला का? सर म्हणाले, कुठेच नाही, चुकून झालंय. सगळे समजूतदारपणे हसले. आपल्याकडे नोकरी लागलेला माणूस हजर होईपर्यंत कुणाला पत्ता लागू देत नाही, दृष्ट लागते म्हणून. त्यामुळे सर जितकं नाही नाही म्हणत गेले, तितकी जागा मोठी होत गेली. अकरा वाजता ती नांदेडला होती, साडेअकराला संभाजीनगरला गेली आणि बारा वाजता एकाने खात्रीने सांगितलं की क्लास वन आहे. सोमेश सरांनी तर मिठीच मारली आणि तुमचे तास मी सांभाळतो, काळजी करू नका, असं म्हणून सरांची हजेरीवहीही उचलली.

शेवटी सर प्राचार्य वर्षाराणी मॅडमच्या केबिनमध्ये शिरले. मॅडम दुखावल्या होत्या.

“नऊ वर्षं आम्ही सांभाळलं, आणि जाताना मला फोनवरच्या मेसेजवरून कळावं?”

“मॅडम, मी जात नाहीये.”

“मग ही सही कुणाची?”

त्यांनी सूचनावही पुढे सरकवली. ‘श्री. रेणुकादास सर यांनी स्वेच्छेने सेवा सोडली असल्याने त्यांचा निरोप समारंभ आज दुपारी तीन वाजता सभागृहात होईल.’ खाली एकोणीस सह्या, आणि त्यात सातवी खुद्द उत्सवमूर्तींची, वळणदार.

सर सगळं सांगायला लागले. वर्गात दाखवत होतो, माझ्याच नावावर दाबलं. मॅडमनी भुवया उंचावून विचारलं की ऑफिसचं मशीन वर्गात कुणाच्या पासवर्डनं उघडलं? सर पेचात पडले. चोरून उघडलं म्हणावं तर ह्याच गुन्ह्यासाठी काढतील. कॅलेंडरचं सांगावं तर हणमंतराव अडकतील, आणि फाईल हणमंतरावांच्या हातात. सर गप्प बसले. मॅडमना वाटलं, खोटं पकडलं गेलं म्हणून गप्प. त्यांनी हणमंतरावांना बोलावून सांगितलं की प्रस्तावाचे कागद नव्याने करा, पहिलं नाव सोमेश सरांचं घ्या, आणि चारच्या आत माझी सही घ्या.

सर ते ऐकत तिथेच उभे होते. नऊ वर्षं. रोज सकाळी निघताना वैष्णवी, त्यांची बायको, डबा देताना एकच विचारायची, आज काही कळलं का? आणि रेणापूरला आई, विमलबाई, फोनवर तेच विचारायची. आज कळलं होतं. सरांना रडूच यायचं बाकी होतं.

समारंभ ठरल्या वेळी झाला. इथे लग्न मोडेल, पण शाल-श्रीफळ एकदा आणलं की समारंभ मोडत नाही. सोमेश सर पंधरा मिनिटं बोलले आणि सरांच्या जाण्याने जी पोकळी निर्माण झाली ती भरून काढण्याचा आपण नम्र प्रयत्न करू, असं म्हणाले. मॅडमनी शाल घातली. मग सरांना दोन शब्द बोलायला सांगितलं.

“मी कुठेही जात नाही,” सर म्हणाले. “मला इथंच राहायचंय. माझं चुकून झालंय हो.”

सभागृह हेलावलं. एका मॅडमनी दस्तीने डोळे पुसले आणि शेजारणीला म्हणाल्या, मनच निघेना झालंय बिचाऱ्यांचं. मागे शिवम उठून काहीतरी सांगू लागला, पण शोक अनावर झालाय असं समजून त्याला दोघांनी धरून खाली बसवलं आणि पाणी पाजलं. टाळ्या खूप वेळ वाजत होत्या.

सर शाल तशीच अंगावर घेऊन ऑफिसकडे पळाले. भिंतीवर सव्वाचार झाले होते. हणमंतराव कपाटाला कुलूप लावत होते. फाईल गेली? गेली, व्यंकट कवाच गेला. सरांनी पुढे काही विचारलं नाही आणि हणमंतरावांनीही काही सांगितलं नाही.

घरी वैष्णवीने दार उघडलं, नवऱ्याच्या अंगावर शाल आणि हातात नारळ पाहिला आणि तिने तोंडावर हात ठेवला.

“झालं का हो एकदाचं?”

 सरांनी नुसती मान हलवली, ती कशीही घेता आली असती. तिने चांगल्या बाजूने घेतली. सर हातपाय धुऊन येईपर्यंत रेणापूरला फोन गेला होता आणि विमलबाईंनी अख्ख्या गल्लीत साखर वाटली होती. आई फोनवर म्हणाली, बाबा, तुझे वडील असायला पाहिजे होते आज. सर हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार? त्या रात्री त्यांनी दोन घास कसेबसे खाल्ले, आणि वैष्णवी म्हणाली, आनंदानं भूक मरते माणसाची.

सकाळी त्यांनी मन घट्ट केलं. खरं सांगायचंच, म्हणून ते स्वयंपाकघरात गेले. “वैष्णवी, जरा बस,” एवढं म्हणाले, आणि फोन वाजला. हणमंतराव होते.

“सर, येताना पान घिऊन या. दोन. तुमचं नाव पयलंच गेलंय नांदेडला.”

सरांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. मॅडमनी तर बदलायला सांगितलं होतं, ते कसंबसं म्हणाले.

“सांगितलंतं की. विद्यापीठाचा नमुना अकरा पानांचा, वर तीन प्रती, त्यो बी हातानं भरायचा. म्या मागल्या सोमवारीच लिवून ठिवला व्हता. आता एका नावापायी तेहतीस पानं परत कोण लिवतंय? तेच जुने कागद ठिवले मॅडमपुढं. त्या फोनवर बोलून ऱ्हायल्या व्हत्या. केल्या सह्या.”

“वाचलं नाही त्यांनी?”

“कामून वाचतील? आजवर कवा वाचलंय?”

सरांनी विचारलं, मग मशीनमध्ये मी कार्यमुक्त आहे त्याचं काय? हणमंतराव म्हणाले की ते राहू द्या तसंच, मान्यता आली की नवा माणूस म्हणून एकदाच भरतो, आणि तोवर तास घेत जा, व्यंकटला सांगितलंय, त्यानं सांगितलं म्हणजे सगळ्यांना कळलं. सर फोन ठेवून वळले. वैष्णवी पाटावर बसून वाट बघत होती. काय सांगत होतात, तिने विचारलं. सर म्हणाले, काही नाही, पानं आणायचीत दोन.

त्या दिवशी सर वर्गात आले तेव्हा कुणालाच नवल वाटलं नाही. मशीनचा घोळ होता, सर कुठेच चालले नाहीत, असं व्यंकटने सकाळीच मॅडमपासून सगळ्यांना सांगितलं होतं. शिवमने लगेच हात वर केला.

“सर, मग आमचे मुनीमकाका प्रणाली हाय का न्हाई?”

सरांनी खडू उचलला.  नऊ वर्षांचं शिकवणं एकीकडे आणि हणमंतरावांची तेहतीस पानं एकीकडे. ते हळूच म्हणाले, “आहेत. लिहून घ्या.” आणि तीन आठवड्यांत पहिल्यांदाच वर्गाने सर जे म्हणाले तेच लिहून घेतलं.

तेवढ्यात व्यंकट सूचनावही घेऊन दारात उभा राहिला. कालच्या गोंधळावरून मॅडमनी सकाळीच कडक शब्दांत लिहिलं होतं, की यापुढे प्रत्येकाने सूचना पूर्ण वाचल्याशिवाय सही करू नये. खाली सोळा सह्या झाल्या होत्या. सरांनी तास मोडू नये म्हणून डाव्या हाताने वही धरली आणि फळ्याकडे बघतच सतरावी केली.