देवाजीभाऊंच्या रेघा

धानोऱ्याच्या शाळेत मी रुजू झाले त्या दिवशी आमच्या बडे बाबूंनी, म्हणजे हेडक्लार्क देवाजीभाऊंनी, माझ्या कागदपत्रांकडे पाहिलंसुद्धा नाही. एक कोरा कागद पुढे सरकवून सही करायला लावली, ड्रॉवरमधून भिंग काढलं आणि सही बराच वेळ न्याहाळली.

"मॅडम, तुमी मीडियम आहा," ते म्हणाले.

मला वाटलं, उंचीबद्दल बोलताहेत. मग कळलं, विषय शाईपेनाच्या निबचा होता. देवाजीभाऊंच्या लेखी माणसं फाईन, मीडियम आणि ब्रॉड अशा तीन प्रकारची. मुख्याध्यापक ब्रॉड. शाळा तपासायला येणारे साहेब एक्स्ट्रा फाईन, कारण त्यांचे शेरे कोणालाच वाचता येत नसत.

त्यांच्याकडे नऊ पेनं होती. प्रत्येकाच्या टोपणाखाली कागदाची पट्टी आणि पट्टीवर त्या पेनाची रेघ. जपानी फाईन जर्मन फाईनपेक्षा बारीक का, हे ते शिवणाच्या दोऱ्याशेजारी रेघा ओढून दाखवत. एकदा विज्ञानाच्या सरांनी जाड अक्षर येईल म्हणून सहा नंबरचा निब मागवला आणि अख्खी मधली सुट्टी गमावली. "साइज वेगळी, रेघ वेगळी," भाऊ त्यांना समजावत होते. नंबर म्हणजे निबचं अंग, किती मोठा आहे ते. रेघ ठरते ती टोकावर. सरांचा डबा तसाच राहिला.

पावसाळ्यात त्यांचा जीव वरखाली होई. हवा दमट, कागद ओलसर, त्यामुळे फाईनची रेघ पसरून मीडियम होते असं त्यांचं म्हणणं. म्हणून कागद बिस्किटांच्या डब्यात, खाली मूठभर तांदूळ घालून ठेवलेले.

इथवर आम्ही हसून घेत होतो. पण गेल्या दोन वर्षांत भाऊंचं जरा जास्तच झालं. एका जुन्या चष्म्याच्या काचांना त्यांनी व्हॅसलीन फासलं. तो आम्हाला डोळ्यांवर चढवायला लावायचे आणि एकच वाक्य पाच जाडींत लिहून विचारायचे, कोणती ओळ दिसते? दर दोन-तीन महिन्यांनी व्हॅसलीनचा थर वाढे आणि भाऊ आणखी जाड निब शोधत. स्टाफरूममध्ये त्यांच्या माघारी लोक कानशिलाजवळ बोट फिरवू लागले. मीही फिरवलं असेल.

मग एका शनिवारी ते माझ्यासोबत भद्रावतीच्या वाटेला लागले. माझं माहेर भद्रावतीचं. त्यांची थोरली बहीण तिथेच, लेकीकडे राहते हे मला त्या दिवशी कळलं. आई लहानपणीच गेली, या बहिणीनंच त्यांना वाढवलं. भाऊंनी लग्न केलं नाही. बहीणबाईंना सहा वर्षांपासून ऐकू येत नाही, कानातल्या मशीनचाही उपयोग नाही. त्यामुळे फोन बंद आणि दर आठवड्याला पत्र सुरू. मग दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. ऑपरेशनला त्या दोन वर्षं घाबरल्या आणि भाऊ रेघ जाड करत गेले.

अखेर ऑपरेशन झालं, पण डोळ्यांना सूज आली. नवा चष्मा लागल्यावरच नेमकं कळेल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. चष्मा आदल्या दिवशी आला होता. बसमधून गडचिरोली गेलं, चंद्रपूर गेलं. भद्रावती जवळ आली तेव्हा भाऊ म्हणाले, "मॅडम, नाई दिसलं तं?"  त्यांना एकटं सोडवेना, म्हणून मीही त्यांच्या बहिणीकडे गेले.

बाई अंगणात खाटेवर बसल्या होत्या. भाऊंनी नमस्कारसुद्धा न करता खिशातून कागद काढून त्यांच्या हातात दिला. पाच ओळी, जाडपासून बारीकपर्यंत. बाईंनी पहिल्या चार घडाघडा वाचल्या. चारींत एकच वाक्य होतं, तब्येत बरी आहे. पाचवी भाऊंनी मुद्दाम वेगळी लिहिली होती, नाहीतर बाईंनी पाठ म्हणून दाखवली असती. त्या थांबल्या. कागद जवळ घेतला, लांब धरला. भाऊंनी माझी पर्स घट्ट पकडल्याचं मला तेव्हाच दिसलं.

"तुह्या हातची... जवसाची चटणी... खारट होते," बाईंनी वाचलं आणि चष्म्यावरून पाहिलं. "खारट लागते तं खातं काऊन?"

भाऊ बहिणीशेजारी खाटेवर बसले. मी हसले, भाची हसली. भाऊ रुमालानं तोंड पुसत राहिले, ते बराच वेळ. बाई मात्र त्यांच्याकडे टक लावून पाहत होत्या. नवीन डोळ्यांनी भावाला पहिल्यांदाच पाहत असतील.

"एक गोष्ट सांग," त्या म्हणाल्या. "दोन वर्सं झाले, तू मले येवढे मोठे मोठे अक्षरं काढून लिहून राह्यला. मले वाटे, तू माह्यावर ओरडून राह्यला. माह्यावर राग होता काय तुहा?"

भाऊंनी तोच कागद उलटला, सगळ्यांत बारीक निबचं पेन काढलं आणि गुडघ्यावर ठेवून लिहिलं. मी शेजारीच होते. वाचायला नको होतं, पण वाचलं.

"राग नाई. तुले वाचता आलं नसतं तं मी लिहिलं कोनाले असतं?"

बाईंनी ते दोनदा वाचलं. मग कागदाची घडी करून ब्लाऊजमध्ये ठेवली, भावाच्या गालावरचा शाईचा डाग पदरानं पुसला आणि लेकीला भात टाकायला सांगितलं.