गेणू वस्तादांनी सांगितलेले एकमेव कारण

समोरचा कारण सांगू लागला की गेणू वस्ताद खिशातला कापूस दोन्ही कानांत घालत आणि त्याचे ओठ मिटेपर्यंत शांत उभे राहत. पिंपरी पेंढारच्या आमच्या प्रशिक्षण केंद्रात ते जळालेल्या विजेच्या मोटारींत तांब्याची तार पुन्हा भरायला शिकवत. मी तेथला प्राचार्य. "चूक सांगा, पावणं. कारण घरी ठेवा," हे त्यांचे पालुपद.

त्यांची विद्यार्थिनी, डिंभ्याची सुनंदा, एकदा वर्गावर उशिरा आली.

"एसटी आली न्हाई, वस्ताद."

"ते एसटीचं झालं. तुमचं सांगा."

"मी आधीच्या गाडीनं निघाले न्हाई."

"आता नोकरीच्या लायकीचं बोललात. या आत."

हसतमुखाने स्वतःची ओळख करून देण्याचे कौशल्य शिकवायला पुण्याहून एक तरुण येई. वस्तादांनी त्याला विचारले, "मोटार जळाल्यावर बी हसायचं का, भाऊ?"

वस्तादांची नजर अधू झाली, त्यांनी कारखान्याच्या भरतीच्या दिवशी मोटार जाळली आणि म्हणून त्यांना काढले, असे आज गावात ठासून सांगतात. हे सपशेल खोटे आहे. सांगणाऱ्यांपैकी एकही जण तेथे नव्हता, मी होतो. सुनंदा आता त्या कारखान्यात कायम झाली आहे, आणि खरे ते लिहा, असे तिनेच मला बजावले आहे.

कारखान्याचे साहेब विद्यार्थी निवडायला आले होते. सुनंदाने भरलेल्या मोटारीच्या तारांवरचे वार्निश अजून ओले होते; ते वाळण्याआधी वीज सोडली की मोटार जळते. न तपासताच तिने कळ दाबली. धूर निघाला.

"कोणाचं काम हे?" साहेबांनी विचारले.

सुनंदा तोंड उघडते तोच वस्ताद पुढे झाले. "माझं. ओलं हाय, म्हणली व्हती ती. मीच चालू करायला लावलं. डोळ्यांना लई कमी दिसतंय, सायेब."

वीस वर्षांत त्यांच्या तोंडून ऐकलेले ते पहिले कारण.

सुनंदाची निवड झाली. संस्थाचालकांनी वस्तादांना कमी करण्याचे ठरवले. मी त्यांना एकांतात गाठून म्हणालो, "मी चालकांना खरे सांगतो."

"नगा सांगू, सर. कारखान्यावाले पोरीला परत धाडतील. माझ्या घरी कोण बसलंय वाट बघत?"

 कमी केल्याचे पत्र माझ्याच सहीने निघाले आणि मीच ते त्यांच्या हाती दिले. त्यांनी ते न वाचता घडी घालून खिशात ठेवले.

"तिकडं पोरीच्या ऱ्हायची सोय केली का कारखान्यानं?" त्यांनी विचारले.

मला ठाऊक नव्हते.