बबननानांची सोळा खोल्यांची पेटी

आमचे घरमालक बबननाना जगातली कुठलीही गोष्ट खोल्यांत मोजतात. कुणाच्या लग्नाला गर्दी किती होती विचारलं, तर "धा खोल्यांची मानसं आस्तील" असं उत्तर मिळतं. भुकूमला रस्त्याकडेच्या शेतात त्यांनी चाळ बांधली, तेव्हापासून ही सवय लागली म्हणे. दोरीवरचा टॉवेल पाहून कोण कामाला गेला आणि कोण घरी लोळतोय, हे ते अचूक सांगतात. दिवसातून निदान एकदा कुणाला तरी "शिस्तीत ऱ्हायचं" असं बजावल्याशिवाय त्यांना जेवण जात नाही.

मी त्यांच्या चाळीतला नांदेडचा भाडेकरू. कंपनीत कोड लिहितो आणि उरलेल्या वेळात संगीताशी खेळतो. माझ्याकडे सोळा बटणांची एक चपटी पेटी आहे, तिला सीक्वेन्सर म्हणतात. प्रत्येक बटणाला सांगून ठेवायचं, तालवाद्याचा कुठला बोल वाजवायचा, किती जोरात आणि किंचित आधी की किंचित उशिरा. मग वायरीतून लॅपटॉपला निरोप जातो आणि लॅपटॉप तो बोल वाजवतो.

नाना पाण्याच्या मोटरीबद्दल ओरडायला आले आणि पेटीसमोर थबकले.

"किती खोल्या?"

"सोळा."

"भाडेकरू हायेत का रिकामीच हाय?"

त्या दिवसापासून मोटर राहिली बाजूला. नाना गावच्या भजनी मंडळाचे मुख्य गायक. त्यांचे लहानपणापासूनचे दोस्त सोपानकाका पखवाजावर असत. अर्धांगाचा झटका आला आणि काकांचा उजवा हात गेला. तेव्हापासून एकादशीचं भजन नुसत्या टाळांवर चाललं होतं. नानांनी हुकूम सोडला, "इंजिनेर, ह्यात पखवाज भरा."

भरला. पण सगळे बोल सारख्या जोराचे आणि अगदी घड्याळाच्या काट्यावर. नानांचं तोंड वाकडं झालं. "ही काय फौज हाय व्हय? मानसं ऱ्हात्यात असं वाटाया पायजे." मग ते स्वतःच बसले. "सातव्या खोलीतला लई दांडगाई करतुया, दाबा त्याला." मी त्याचा जोर कमी केला. "नवव्यातला आदीच दारात येऊन हुबा. उशिरा येऊ द्या." मी तो बोल केसभर मागे सरकवला. पंधरवड्यात नाना माझ्याविना पेटी चालवू लागले आणि ठेका असा डुलायला लागला की शेजारच्या खोलीतला बिहारी पोरगाही मान हलवायचा.

एकादशीच्या आदल्या संध्याकाळी मी पेटी सुरू केली आणि कपाळाला हात लावला. पखवाजाच्या डाव्या बाजूचे सगळे बोल गायब! उरली होती नुसती उजव्या बाजूची टकटक. नानांचा जाडजूड अंगठा भलत्या बटणावर पडला असणार, असं समजून मी डावी बाजू पुन्हा मनापासून भरून टाकली.

सकाळी नानांनी ऐकलं आणि चाळ हादरली. "माझ्या खोल्यांत मला न इचारता मानसं कुनी घातली?"

"नाना, तुमच्याकडून पुसली गेली होती..."

"पुसली न्हाईत, रिकामी केली!" ते माझ्या खाटेवर बसले आणि त्यांचा आवाज एकदम खाली आला. "सोपान्याचा डावा हात चालतुया. उजवं काम पेटी करंल, डावं त्यो करंल. त्याला इच्यारलं तर म्हनला, मशिनीम्होरं माजी फजिती करतुस व्हय? आजच्यापुरता कसाबसा कबूल झालाय. डावी बाजू भरल्याली ऐकली, तर दारातनंच माघारी जाईल."

"आणि नाही आला तर?"

"तर माजं गानं संपलं. त्याच्याबिगर मला गाताच येत न्हाई, इंजिनेर. टाळावर नुसतं ओरडत हुतो म्या."

आम्ही दोघांनी मिळून सगळे डावे बोल काढून टाकले.

संध्याकाळी मारुतीच्या देवळात नानांनी स्वतः कणीक मळली आणि घुमारा यावा म्हणून पखवाजाच्या डाव्या तोंडावर थापली. हे काम कायम सोपानकाकांचं. काका आले, पखवाज पुढ्यात घेऊन बसले, पण हात मांडीवरच. मी लॅपटॉप जोडून दिला आणि नानांनी पेटी सुरू केली. उजवी बाजू वाजत होती, मधल्या जागा मोकळ्या होत्या. आवर्तनामागून आवर्तन गेलं. टाळकरी एकमेकांकडे बघू लागले. नाना अभंग न उचलता मारुतीकडे बघत बसले होते.

मग डाव्या तोंडावर एक थाप पडली, बरीच उशिरा. दुसरी थोडी कमी उशिरा. नानांनी हळूच पेटीचा वेग उतरवला. पुढची थाप बरोबर जागेवर आली आणि नानांनी अभंग उचलला. इतके दिवस मी या माणसाला ओरडतानाच ऐकलं होतं. त्यांचा आवाज इतका गोड आहे, हे मला त्या संध्याकाळी कळलं.

पहिला अभंग संपला तशी काकांनी मान वळवली आणि भर देवळात नानांना झापलं, "येवढं हळू कशापायी लावलंस रं? म्या काय मेलोय व्हय? वाढीव!"

नाना "व्हय, व्हय" म्हणत पेटीवर वाकले, पण त्यांना वेगाचं बटण काही सापडेना. डोळ्यांत पाणी भरलं होतं. शेवटी मीच पुढे होऊन वेग वाढवला.