‘ती’ शांत दिसते तेव्हा

इलेक्ट्रिक गाड्यांच्या गॅरेजातला हा मेकॅनिक फोनवर एरवी ओरडूनच बोलायचा. आज जेवायला घरी आला, तो खोलीचं दार लावून हळू आवाजात बोलू लागला. एवढं कुठल्याही बायकोला पुरतं. त्याच्या बायकोने दाराला कान लावला.

“ती शांत दिसते म्हणून लगेच हात लावू नकोस. मी एकदा चांगला पोळलोय. दहा मिनिटं थांब, आत साठलेलं सगळं उतरू दे.”

ही ‘ती’ कोण? बायकोच्या पायाखालची जमीन सरकली. साक्षीला कुणीतरी हवं म्हणून तिने सासूबाईंना झोपेतून उठवून आणलं. सासूबाईंनी आपला चांगला कान दाराला लावला, तोवर आतलं बोलणं पुढे सरकलं होतं.

“जुनी झालीय रे. सारखी कुरकुर करते. ठेवून उपयोग नाही, पाठवून देऊ.”

या घरात जुनी कोण, हे सासूबाईंना कुणी सांगायची गरज नव्हती. त्या तडक बॅग भरायला गेल्या. इकडे बायकोने खुंटीवरच्या शर्टाचे खिसे चाचपले. एका खिशात नारिंगी रंगाचं जाडजूड काहीतरी निघालं. हे नक्की ‘तिचं’च, असं ठरवून तिने ते साखरेच्या डब्यात दडवलं.

मेकॅनिक बाहेर आला, शर्ट चढवला आणि पांढराफटक पडला.

“माझा प्लग कुठाय? गाडीची वीज तोडायला तो काढला की आम्ही खिशातच ठेवतो. गॅरेजात पडला आणि कुणी परत लावला, तर मोटर उघडून बसलेला माझा जोडीदार जाईल.”

बायकोने साखरेचा डबा पुढे केला.

“मोटर होती? मग मघापासून ‘ती, ती’ काय चाललं होतं?”

“मग मोटरला काय ‘तो’ म्हणू? आणि आईची झोपमोड नको म्हणून हळू बोललो, तर हे.”

बायकोला आता हसूही येईना आणि रडूही. तेवढ्यात सासूबाई बॅग घेऊन बाहेर आल्या.

“जुनी झालेय ना मी? जाते लेकीकडे,” एवढंच म्हणून त्या दाराजवळच्या खुर्चीत ताठ बसल्या. पुढे शब्द नाही.

बॅग काढून घ्यायला मेकॅनिक पुढे झाला, तसा बायकोने त्याचा शर्ट मागे ओढला.

“इतक्यात हात लावू नका,” ती कुजबुजली. “नुसत्या दिसतायत शांत.”

मेकॅनिकने हात मागे घेतला आणि घड्याळाकडे पाहिलं.