चाळीस लाख ताजे झेंडू

दसऱ्याला दोन दिवस उरले असताना सकाळी आठ वाजता वर्षालीची वेबसाइट बंद पडली. फूल उत्पादकांच्या गटासाठी तिनं अमरावतीत बसून ती तयार केली होती. शेतकरी फोनवरच्या ॲपमधून माल नोंदवत, अकोल्याचे व्यापारी तिथूनच खरेदी करत. खेड्यात नेटवर्क मरतुकडं, म्हणून ॲप प्रत्येक नोंद दाबून लहान करून पाठवायचं आणि सर्व्हर ती उलगडायचा.

गटाचे अध्यक्ष खुशालराव फोनवर कडाडले, "वर्षाली, इकडं झेंडू सुकून राहिला अन् तुहं मशीन झोपून राहिलं!"

तिनं सर्व्हर सुरू केला. मिनिटभरात तो परत आडवा. असं पाचदा झालं. दर वेळी शेवटची नोंद बार्शीटाकळीच्या सहदेवरावांची, तीही जेमतेम शंभर केबी, म्हणजे मर्यादेच्या आतच! तिनं ती स्वतःच्या लॅपटॉपवर उलगडली. पंखा घरघरला, पडदा गोठला. तिनं सहदेवरावांनाच फोन लावला.

"काका, मालाच्या माहितीत काय लिवलं तुमी?"

"ताजा झेंडू."

"किती वेळा?"

"ते कोन मोजते? लिवलं, कॉपी केलं, खाली चिपकवलं. मंग सगळंच कॉपी, सगळंच चिपकवलं. बावीसदा केलं असंन. फोन तापला, पन म्या सोडलं नाही. लंबी जाहिरात दिसली का व्यापारी थांबते ना!"

दर वेळी दुप्पट. चाळीस लाख ताजे झेंडू! त्यात सर्व्हरकडून उत्तर येईना म्हणून ॲप इमानानं तेच पुन्हा पुन्हा पाठवत होतं.

"चूक माहीच हाये," तिनं खुशालरावांना सांगितलं. "गाठोडं दारात मोजलं. सोडल्यावर कापूस किती निघंन, ते पाह्यलंच नाही."

"मंग सोडता सोडताच मोज ना!"

तिनं तेच केलं. उलगडताना मर्यादा ओलांडली की तिथंच थांबायचं, नोंद फेकायची आणि कळवायचं, 'आपली माहिती मर्यादेपेक्षा मोठी आहे.' दहाला साइट उभी राहिली. सहदेवरावांनी एकदाच लिहिलं आणि दुपारपर्यंत त्यांचा सगळा माल गेला.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या शेजारच्या पार्बताबाईंचा फोन आला.

"पोरी, सहदेवले मोठेपनाचा मेसेज आला म्हने. गावभर दाखवून राहिला! माल बी त्याचाच पहिले गेला. मले काहून नाही?"

"मावशी, त्यांची नोंद नाकारली होती!"

"असंन. मले बी नाकार."

वर्षालीनं पडद्याकडं पाहिलं. सर्व्हर शांतपणे चालू होता. सकाळपासून एकेचाळीस नोंदी नाकारल्या होत्या. सगळ्यात लांबलचक खुशालरावांची होती.