दिलेली डबी

साबणवाल्याचा पहिलावहिला माल घरातच अडकून पडला होता. चारशे साबण, त्यांच्या पुठ्ठ्याच्या चारशे डब्या, सगळं तयार; फक्त गिऱ्हाइकांनी टाकून दिलेल्या डब्यांच्या कचऱ्याची जबाबदारी घेतल्याचा सरकारी नोंदणी क्रमांक यायचा होता. नोंदणी कार्यालयातल्या बाईंनी फोनवर बजावलं होतं, "डबी तुमच्या घरात आहे तोवर ती बाजारात आलेली नाही. दुसऱ्याच्या हातात गेली की आली. मग विका नाहीतर फुकट द्या. क्रमांकाआधी एकही देऊ नका."

झालं! साबणवाला रोज डब्या मोजू लागला. आज भरल्या तीनशे नव्याण्णव.

"अगं, एक कमी आहे!"

"शेजारच्या ताईंना दिली," बायको म्हणाली. "वाढदिवस होता त्यांचा."

"म्हणजे बाजारात आणलीस!"

"अहो, भिंतीपलीकडे नेली फक्त!"

पण नोकरी सोडून मांडलेला धंदा एका डबीपायी बुडणार, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलं. तो तडक शेजारी गेला. ताई एकट्याच राहत. त्याचे सुरुवातीचे फसलेले साबण हाताची सालं निघेपर्यंत वापरून "छान झालाय हो" म्हणणाऱ्या याच ताई. हेही त्या क्षणी त्याला आठवू नये, आता काय म्हणावं!

"ताई, साबण राहू द्या. डबी तेवढी परत द्या."

"काही चुकलं का माझं?"

"नाही हो, कायदा आहे."

ताईंनी डबीत आपल्या गेलेल्या यजमानांचा चष्मा ठेवला होता. अगदी मापात बसला होता. तो बाहेर काढून, डबी पदराने पुसून त्यांनी त्याच्या हातात दिली.

घरी येऊन त्याने कार्यालयात फोन लावला. "बाई, परत आणली!"

"कशाला? दिलीत तेव्हाच ती बाजारात आली. परत आणून ती घटना पुसली जात नाही," बाई म्हणाल्या. "एका डबीसाठी कोण अडवतंय? अर्जात 'एक दिली' असं खरं लिहा, संपलं."

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दोन दिवसांनी क्रमांक आला, तसा तो डबीबंद साबण घेऊन ताईंच्या दारात उभा राहिला.

"ताई, चुकलो. ही घ्या, आता कायमची."

ताईंनी पाकीट आणलं. "केवढ्याला?"

"अहो, तुमच्याकडून पैसे?"

"घे रे. विकत घेतलेलं कुणी परत मागायला येत नाही."

त्या रागावल्याही नव्हत्या. त्याने मान खाली घालून पैसे घेतले. धंद्यातली पहिली विक्री झाली होती, पण बायकोला ते सांगायची त्याला हिंमत होईना.