भुताचं एकच वाक्य

भीती ही सव्वीस माणसांनी मिळून, नाश्ता आणि जेवण यांच्या मधल्या वेळात करायची गोष्ट आहे. हे ज्यांना ठाऊक नसतं, तेच घाबरतात.

आमच्या भयपटाच्या युनिटमध्ये रात्र सकाळी साडेदहाला सुरू होते (खिडक्यांना काळं कापड लावायला तेवढा वेळ लागतोच) आणि दीड वाजता जेवायला थांबते. धुकं यंत्रातून येतं. रक्त गोड असतं. दुपारनंतर त्याला मुंग्या लागतात, त्या मात्र खऱ्या.

भुताचं काम करणाऱ्या बाईचं बाळंतपणानंतरचं हे पहिलंच काम. बाळ अकरा महिन्यांचं, सासूबाईंसह मेकअपच्या खोलीत मुक्कामाला. भुताला अख्ख्या चित्रपटात एकच वाक्य होतं, आणि तिला मिळणारी झोप पाहता तेवढंच पाठ होण्यासारखं होतं: ‘येते मी.’

या दोन शब्दांनी प्रेक्षकांचं रक्त गोठेल, असं लेखकाचं मत होतं. भूत दारात उभं राहिलं, केस पुढे घेतले आणि खर्जात म्हणालं, ‘येते मी.’

‘या हं, सावकाश,’ शिडीवरचा लाइटवाला म्हणाला.

दुसऱ्या टेकला, ज्याचा गळा दाबायचा होता तो नट उठून तिला पोचवायला निघाला. तिसऱ्याला चहावाले काका म्हणाले, ‘एवढ्यात? चहा तरी घेऊन जा.’

‘अरे, ती मारायला येतेय! निघालेली नाहीये!’ दिग्दर्शक ओरडले.

‘तोंडातून निघूनच जातं, साहेब,’ लाइटवाला म्हणाला. ‘आईनं वळणच तसं लावलंय.’

तेव्हा निर्मात्यांनी (त्यांची मेहुणी दोन दिवसांपासून केस मोकळे सोडून सेटवर येत होती) लेखी कळवलं, की संध्याकाळी सहापर्यंत एकही माणूस न घाबरल्यास भूत बदलण्यात यावं. सदर मजकूर भुतालाही वाचून दाखवण्यात आला. तिनं खोटी नखं सांभाळत सही केली.

ताबडतोब भीती-चाचणी समिती नेमण्यात आली. पर्यायी वाक्यांचे निष्कर्ष असे: ‘आले मी’ यावर चौदा जण उत्तरले, ‘ये, बस. किती उशीर!’ ‘येणार मी’ यावर नऊ जण, ‘कळवून ये, म्हणजे घरी थांबतो.’ ‘जाते मी’ यावर अख्खं युनिट एका सुरात, ‘जाते म्हणू नये, येते म्हणावं!’ समितीनं मूळ वाक्य कायम केलं आणि स्वतःला विसर्जित केलं.

पावणेसहाला भूत मेकअपच्या खोलीत बाळाला घेऊन बसलं होतं. चेहऱ्यावर रबराच्या पाच जखमा, त्यातली गालावरची बाळ निवांतपणे सोलत होतं. त्या चेहऱ्याचं त्याला काहीच नव्हतं. सेटवरून बोलावणं आलं. भुतानं बाळ सासूबाईंच्या कडेवर दिलं.

‘गुपचूप सटक गं, नाहीतर भोकाड पसरेल,’ सासूबाई पुटपुटल्या.

‘न सांगता नाही जाववत, आई.’ ती वाकली, आणि त्याच्या कानाशी हळूच म्हणाली, ‘येते मी.’

बाळाला बोलता चारच शब्द येत होते, पण हे वाक्य ऐकलं की आई दिसेनाशी होते, एवढं मराठी त्याचं पक्कं होतं. त्यानं किंकाळी फोडली.

भुताच्या कॉलरचा माइक चालूच राहिला होता. हेडफोन लावून बसलेले ध्वनिमुद्रक (सतरा भयपट, एकदाही न दचकलेले) खुर्चीतून उठले आणि उभेच राहिले. मग त्यांनी ते दोन शब्द आणि ती किंकाळी सगळ्या सेटला ऐकवली. कुणीही ‘या हं’ म्हणालं नाही. लाइटवाला शिडीवरून उतरला आणि कोपऱ्यात जाऊन घरी फोन लावू लागला. मेहुणीनं केस बांधले. नोंद: घाबरलेले, पंचवीस. वेळ, पाच वाजून त्रेपन्न मिनिटं.

‘अप्रतिम!’ दिग्दर्शक म्हणाले. ‘आता बाळाला आणखी एकदा रडवा, सेफ्टीसाठी.’

‘नाही,’ भूत म्हणालं. केस पुढे घ्यायचीही गरज पडली नाही.

नोंद सुधारण्यात आली: सव्वीस.

वाक्य चित्रपटात तसंच आहे, मागे बाळाच्या आवाजासह. खेळानंतर प्रत्येक प्रेक्षकाला एक पत्रक भरावं लागतं. ‘मला भुताखेतांची भीती वाटत नाही’ या विधानापुढे खूण करणाऱ्यांनी फक्त शेवटचे दोन रकाने भरायचे आहेत. रकाना सात: ज्या घरातून आपण ‘येतो’ किंवा ‘येते’ म्हणून निघालात, तिथून निघण्याची तारीख. रकाना आठ: परत गेल्याची तारीख.

आठवा रकाना कोरा राहिल्यास काळजीचं कारण नाही. बहुतेकांचा कोराच असतो, आणि त्या घरातलं माणूस फोनवर तसं काही बोलूनही दाखवत नाही.